निळा धूर

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या त्या घरात सगळ्यात मोठा आवाज आईच्या कुकरचा होता आणि सगळ्यात लहान माझा. दोन्हींबद्दल तक्रारी आल्या. कुकरची तक्रार खालच्या मजल्यावरून आली, माझी शाळेतून. कुकरचं प्रकरण त्याच दुपारी मिटलं. माझं मिटायला एक मोटारशर्यत लागली.

खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे, हेर क्नाप. ऐंशीच्या घरातले, उंच, वाकलेले, बायको लीझल जाऊन दोन वर्षं झालेली. त्या भागात जिना झाडण्याची पाळी असते. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारावर पाटी लटकते, केअरवोखं. आमच्या दारावर ती आली की आई जिना इतका स्वच्छ करायची की हेर क्नापना बोलायला जागा राहू नये, आणि मग शेवटच्या पायरीवर रांगोळी काढायची. हेर क्नाप ती बराच वेळ बघायचे, विचार करायचे आणि झाडून टाकायचे. दुसऱ्या दिवशी आई आणखी मोठी काढायची. दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नाही. शब्दांशिवाय चाललेलं ते संभाषण मला घरातल्या इतर कुठल्याही संभाषणापेक्षा आवडायचं.

एका रविवारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि पाठोपाठ दारावर टकटक. रविवारी तिथे शांतता पाळायची असते, कायद्यानेच. हेर क्नाप चांगलेच चिडलेले होते, पण आईने "कोम्मेन, कोम्मेन" करत त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं आणि त्यांची नजर कुकरवर पडली. त्यांनी वाफ जाऊ दिली, शिट्टी काढून तळहातावर तोलली, झाकण उलटं करून रबराची कड बोटाने चाचपली. "फ्राउ देवधर, इथून गळतंय," ते म्हणाले, खाली गेले आणि हत्यारांची पेटी घेऊन परत आले. ओरडायला आलेला माणूस साखरभात खाऊन गेला. त्यानंतर आमचा कुकर रविवारीही वाजायचा, आणि सोमवारी जिन्यात भेटले की ते आईला सांगायचे, "काल तिसरी शिट्टी जरा उशिरा आली."

माझं प्रकरण इतकं सोपं नव्हतं. पुण्यात मी ज्या इंग्रजी शाळेत होते तिथे आवारात मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी इंग्रजी बोललं की आई विचारायची, "कोणाची मडमीण गं तू?" दोन्हीकडे चालेल असा एकच मार्ग होता, गप्प बसणं, आणि तो मी फार लवकर शोधला. दरवर्षी मला उत्तम वर्तणुकीचं बक्षीस मिळायचं. चौदाव्या वर्षी बाबांच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत आलो आणि त्याच उत्तम वर्तणुकीने माझा घात केला. कारण तिथे निम्मे गुण वर्गात हात वर करून बोलण्याचे. त्याला मुंडलिश म्हणतात, म्हणजे तोंडी. पुण्यात बोलणारी मुलं वर्गाबाहेर जायची, इथे न बोलणारी जाणार होती.

पहिल्या सहामाहीत मला मुंडलिशमध्ये पाच मिळाले. आईने शिरा केला. बाबांना दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये कोणीतरी सांगितलं की इथे एक हा सर्वात चांगला गुण, आणि पाचाच्या खाली फक्त सहा उरतो. तोवर शिरा संपला होता.

मग पालकांना बोलावणं आलं. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी अतिशय सभ्य आहे. पण ती वर्गात आहे की नाही, हेच आम्हाला कळत नाही."

"जा, गेनाऊ," बाबा म्हणाले. म्हणजे, हो, अगदी बरोबर. बाबा गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचे आणि ऑफिस इंग्रजीत चालायचं. त्यांचं जर्मन 'गेनाऊ'पर्यंत पोचून तिथेच थांबलं होतं. समजलं नाही की गेनाऊ. समजलं आणि पटलं नाही, तरीही गेनाऊ.

घरी आल्यावर ठरलं. उन्हाळ्याच्या निकालात फरक पडला नाही तर मी पुण्याला परत. सहकारनगरला मावशीकडे राहायचं, अकरावी-बारावी तिथेच, सोबत प्रवेशपरीक्षांचे क्लास. मावशीने खोली रिकामी करायला घेतलीसुद्धा. मावशीचं घर प्रेमळ होतं, पण त्या घरात पाच माणसं होती आणि पाचही जण दिवसातून एकदा तरी विचारायचे, "काय गं, गप्प का?" मला जायचं नव्हतं. ज्या देशात रविवारी गप्प बसणं सक्तीचं आहे तोच देश मला गप्प बसते म्हणून घालवायला निघाला होता, पण मला तो आवडला होता. लोकल ट्रेनमध्ये शेजारचा माणूस तासभर काही विचारत नसे. मला इथेच राहायचंय, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि मुद्दा तोच होता.

(आता मी ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात संशोधन करते. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षांना प्राध्यापकांच्या शेजारी बसून नोंदी करणारी एक व्यक्ती लागते. तिने बोलायचं नसतं, तसा नियमच आहे. विभागात या कामासाठी माझ्याइतकी मागणी कोणाला नाही.)

त्या वसंतात एका शनिवारी आई तळघरातून धावत वर आली. धुण्याची मशीन खाली, गॅरेजच्या शेजारी होती. हातात ओल्या कपड्यांची बादली तशीच. "अगं, खाली रिक्षा आहे!"

मला वाटलं, तिला घरची आठवण येतेय. पण जिन्यातच माझ्याही नाकात तो वास शिरला. पेट्रोल आणि जळकं तेल, थोडासा गोड, घशात बसणारा. पुण्यात मी रिक्षातून शाळेत जायचे. ड्रायव्हरकाकांच्या पाठीला पाठ लावून, लाकडी फळीवर, दप्तरं मांडीत घेऊन. तो वास म्हणजे माझं सगळं बालपण. गॅरेजमध्ये निळा धूर भरला होता आणि धुरात, एका लांबट चांदीच्या सिगारसारख्या गाडीपाशी, हेर क्नाप गुडघ्यावर बसले होते. चाकं उघडी, बसायला मध्यभागी एकाच माणसापुरती जागा. इंजिन टरटरत होतं. डोळे मिटले असते तर स्वारगेट.

त्या गाडीच्या वर्गाचं नाव फॉर्म्युला ज्युनियर. हेर क्नाप सांगायचे, ते तरुण असताना कोणाच्या तरी डोक्यात आलं की खिशात फारसं काही नसलेल्या पोरांनाही शर्यतीत उतरता यावं. म्हणून नियम असा केला की इंजिन साध्या घरगुती गाडीचं हवं. यांच्या गाडीला तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक होतं, त्या काळी कुटुंबं ज्यातून सहलीला जात तसल्या मोटारीतलं. पाच-सहा वर्षांत त्या वर्गातही बड्यांच्या महागड्या गाड्या घुसल्या आणि वर्ग बंद पडला. गाड्या राहिल्या, पोरंही राहिली. आता ती सगळी ऐंशीची होती आणि दर उन्हाळ्यात एकदा जमून 'ज्युनियर'ची शर्यत करायची.

"फक्त आतला हा क्रँक, हा फिरता दांडा, सांभाळायचा," ते इंजिनावर हात ठेवून म्हणाले. "याचे भाग आता जगात कोणी बनवत नाही. एकदा इंजिन जाम झालं की गाडी दिवाणखान्यात ठेवायची. आणि तिच्या शेजारी मला."

मी रोज खाली जाऊ लागले. ते काही विचारत नसत. इंजिनात वेगळं तेल भरायची सोय नसल्यामुळे ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते मापाने तेल घ्यायचे, कॅनमध्ये ओतायचे आणि आई ताक घुसळल्यावर तांब्या हलवते तसा कॅन हलवायचे. मी चिंध्या पुढे करायचे. एक दिवस ते म्हणाले, "मेडले," म्हणजे पोरी, "शर्यतीत पाटी धरायला माणूस लागतो. लीझल धरायची. जावई येतो म्हणतोय, पण तो बोलतो फार. तू ये." गप्प राहण्याच्या जोरावर मला मिळालेलं ते पहिलं काम.

शर्यत एका जुन्या, बंद पडलेल्या विमानतळावर होती. धावपट्टीवर गवताचे भारे रचून वळणं केली होती. आम्ही सगळेच गेलो. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी घेतली होती, आणि एक लिंबू. लिंबू तिने पुढच्या चाकाखाली ठेवलं. हेर क्नाप वाकून बघत म्हणाले, "पकड वाढते का याने?" आईने मान डोलावली. चारी बाजूंनी 'ज्युनियर' मंडळी कानातली यंत्रं काढून बायकांच्या हातात देत होती आणि हेल्मेटं चढवत होती.

त्या शर्यतीचा नियम मला आधीच कळला होता, आईबाबांना तिथे कळला. सर्वात वेगवान गाडी जिंकत नाही. ज्याच्या सगळ्या फेऱ्या एकसारख्या वेळात होतात तो जिंकतो. पाटी त्यासाठीच. फेरी लवकर झाली तर अधिकचं चिन्ह, उशिरा झाली तर उण्याचं.

"म्हणजे जो सगळ्यात जास्त एकसारखा, तो पहिला?" आई म्हणाली. "अहो, मग आपल्या हिलाच बसवा की गाडीत."

सकाळच्या सरावात इंधन बरंच संपलं. हेर क्नाप तपासणीच्या रांगेत होते. त्यांनी बाबांना रिकामा कॅन दिला आणि गावातल्या पंपावरून भरून आणायला सांगितलं. बाबा आयुष्यात प्रथमच शर्यतीच्या गाडीला हात लावणार होते. ते परत आले ते शर्टाच्या बाह्या वर करून. कॅन उचलला, गाळणी लावली आणि टाकीत ओतला. थेंबही सांडला नाही.

"सगळं घातलं?" हेर क्नाप बसता बसता म्हणाले.

"गेनाऊ," बाबा म्हणाले.

बाकीच्यांकडे चकचकीत आकड्यांच्या पाट्या होत्या. क्नापांकडे लीझलच्या वेळची काळी पाटी आणि खडू. मी भिंतीपाशी उभी राहिले, शेजारी घड्याळ घेऊन बाबा, मागे आई. झेंडा पडला. पहिल्या फेरीत ते गेले तेव्हा मागे निळा पट्टा होता आणि मला माझी रिक्षा आठवली. पुढच्या फेऱ्या छान झाल्या. मी अधिक दाखवलं, ते किंचित सावकाश झाले. मी काहीच दाखवलं नाही, म्हणजे अचूक. बाबा मला घड्याळ दाखवत हसत होते. मग एका फेरीला पट्टा पातळ झाला. त्याच्या पुढच्या फेरीला नव्हताच. गाडी गेली, आवाज कोरडा, टणक, आणि मागे नुसत्या तापलेल्या पेट्रोलचा वास. शेजारून गेलेल्या परक्या गाड्यांचा असतो तसा.

वास कधी गेला ते मला कळलं होतं. का गेला ते कळायला आणखी अर्धी फेरी लागली. बाबांनी कॅन आणला आणि ओतला. मध्ये तो कोणी हलवला नव्हता. टाकीच्या तळाशी उरलेल्या जुन्या मिश्रणावर गाडी इथवर आली होती. आता इंजिन कोरडं पळत होतं.

मी बाबांकडे बघितलं. ते इतके खूश होते की त्यांना विचारायचा मला धीर झाला नाही, आणि वेळही नव्हता. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हाल्ट. थांबा, एवढाच त्याचा अर्थ. हेर क्नापनी बघितलं, डावा हात जरा वर केला आणि निघून गेले. पुढच्या फेरीला मी तेच आणखी मोठं लिहिलं. पुन्हा तसाच हात, शेजाऱ्याला नमस्कार केल्यासारखा.

"अगं, काय लिहितेयस?" बाबा म्हणाले. "छान चाललंय त्यांचं!"

पुढचं मी ठरवून केलं नाही. बाहीने पाटी पुसली आणि लिहिलं, थांबा. देवनागरीत. पुण्याच्या शाळेत मराठी आम्हाला तिसरी भाषा म्हणून होती आणि माझं अक्षर पाहून बाई निःश्वास सोडायच्या. तेच अक्षर, पाटीभर, वरची रेघ कडेबाहेर गेलेली. हेर क्नाप आले. हात वर झाला नाही. हेल्मेट माझ्याकडे वळलं आणि वळलेलंच राहिलं. पुढच्या फेरीला ते आत आले आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं, मेडले?"

मी बाबांना विचारलं, "बाबा, तेल घातलंत का तुम्ही?"

"तेल?" बाबा म्हणाले. "ते पंपावर घालतात ना?"

"अहो, कोण घालतं?" आई म्हणाली. "इथल्या पंपावर तर माणूसच नसतो!"

बाबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. कॉलेजची चार वर्षं त्यांनी स्कूटर चालवली होती. हेर क्नाप माझ्याकडे बघत होते. आजूबाजूचे लोकही बघत होते. "काय म्हणतात वडील?"

गप्प राहणं तेव्हाही शक्य होतं. तेल नाही, एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं. पण मग बाबा तिथे नुसते तेल विसरलेले गृहस्थ म्हणून उभे राहिले असते. म्हणून मी सांगितलं. पुण्यात पंपावर खाकी कपड्यातला माणूस असतो. आपण स्कूटरवरून उतरतो, तो पेट्रोल भरतो, मग शेजारच्या काचेच्या यंत्राचा दांडा मारून तेलाची धार टाकीत सोडतो. ते त्याचं काम आहे. आपण फक्त स्कूटर थोडी हलवायची, म्हणजे मिसळतं. माझ्या वडिलांनी चार वर्षांत एकदाही स्वतः तेल घातलं नाही आणि त्यांची स्कूटर एकदाही बंद पडली नाही, कारण तो माणूस कधी विसरला नाही. वाक्यामागून वाक्य येत गेलं. संपलं तेव्हा लक्षात आलं की भोवती दहा-बारा माणसं उभी आहेत आणि सगळी ऐकतायत. त्यांतल्या निम्म्यांच्या कानात यंत्रं नव्हती, ही त्यातल्या त्यात सोय.

हेर क्नाप गाडीतून उतरले. त्यांनी पेटीतून तेल काढलं, मापाने घेतलं, टाकीत ओतलं, झाकण लावलं आणि ते पुन्हा आत बसले. आणि तेवढ्यात आई ओरडली, "अहो, बघताय काय? हलवा! स्कूटर हलवायचात तशी!"

बाबा पुढे झाले. त्यांनी गाडीची एक कड धरली आणि हलवली. हेर क्नाप आत बसलेले. मग शेजारचे दोन 'ज्युनियर' दुसऱ्या कडेला लागले. एक ऐतिहासिक शर्यतीची गाडी पाळण्यासारखी डावी-उजवी होत होती आणि आई ताल देत होती. इंजिन सुरू झालं. इतका निळा धूर निघाला की शेजारचे लोक खोकायला लागले, आणि मी तो पोटभर घेतला.

हेर क्नाप शेवटचे आले. जिंकला एक बुटका माणूस, ज्याची गाडी पूर्ण वेळ आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आली नव्हती. अशा माणसाला चषक देणारा खेळ मला मनापासून पटला.

परतताना मी हेर क्नापच्या गाडीत बसले. मागे ट्रेलरवर चांदीचा सिगार. बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "पाटीवर काय होतं ते?"

"हाल्ट," मी म्हटलं. "पण मोठ्या माणसांना म्हणतात तसं. मानाने."

त्यांनी आरशात मागचा ट्रेलर बघितला. मग म्हणाले, "लीझल दर शर्यतीत हाल्ट लिहायची. भ्यायची ती. मी हात करून पुढे जायचो." एक गाव मागे गेलं. "तिचं एवढंच चुकलं. तिचं मला वाचता यायचं."

घरी उरलेल्या पुऱ्या खाताना आई माझ्याकडे टक लावून बघत होती. "येतं की गं तुला जर्मन! मग शाळेत मिठाची गुळणी का धरून बसतेस?"

"शाळेत कोणाचे बाबा तेल विसरलेले नसतात."

आई काही बोलणार होती. पण बाबा आधी म्हणाले, "बरोबर आहे." गेनाऊ नाही म्हणाले.

पुढचे कित्येक दिवस ते मला विचारत होते, हेर क्नाप रागावलेत का, तेलाबद्दल एक अक्षर का बोलत नाहीत. त्या भागात एक म्हण आहे, शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं. मी ती सांगितली, तेव्हा त्यांना झोप लागली असावी.

आठवडाभराने इंटरनेट बंद पडलं. आईने कंपनीला फोन लावला आणि कोणी उचलताच तो माझ्या हातात दिला. "बोल. तेलाचं बोललीस ना?" मी बोलले. मग टॅक्सवाले, मग विमावाले, मग आईच्या दाढेचा डॉक्टर. उन्हाळ्याचा निकाल आला तेव्हा मुंडलिशमध्ये चार होते. आईने या वेळी रव्याच्या डब्याला हात लावण्यापूर्वी विचारलं, "हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "मधलं." वर्गात मी अजूनही हात वर करत नव्हते. एवढंच, की बाईंनी नाव घेऊन विचारलं तर उत्तर द्यायचे.

त्या रात्री मावशीचा फोन आला, खोली तयार आहे म्हणून. मी जिन्यात बसून ऐकत होते. बाबा म्हणाले, "नाही गं, यंदा नको. हिच्याशिवाय इथलं कसं चालेल आमचं? फोनवर बोलणार कोण?" मला काय हवंय हे शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. बाबांनी ठरवलं ते आणि मला हवं होतं ते एकच निघालं. मावशीच्या खोलीत शिवणाचं मशीन गेलं.

पुण्याच्या रिक्षाही आता गॅसवर चालतात. तो वास आता तिथेही नाही.

बाबांनी गेल्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली. मी घरी गेले की पाहुण्यांना ती दाखवतात, चार्जिंगची वायर हातात धरून अभिमानाने सांगतात, "हिच्यात काही म्हणजे काही घालावं लागत नाही." आणि मग, खात्रीसाठी, माझ्याकडे बघतात.